समाजमंदिराची किल्ली आणि पालावरचं कुत्रं : सरपंच मंडळींना खुलं पत्र

प्रति,
यवतमाळ जिल्ह्यातील सर्व सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि ग्रामसभेत मागच्या रांगेत बसून खरं बोलणारी मंडळी

राम राम, जय भीम, जय सेवालाल, जय सेवा, जय गुरू. ज्याला जे चालतं ते त्यानं घ्यावं.

थंडी पडली आहे. कापसाची वेचणी सुरू आहे, तुरी शेंगांवर आल्या आहेत, आणि रात्री बिबट्यापेक्षा रानडुकरांच्या भीतीनं शेतकरी मचाणावर शेकोटी पेटवून बसतो. त्याला निदान सकाळी परतायला घर आहे. फाट्यावरच्या एसटीच्या निवाऱ्यात, आठवडी बाजाराच्या ओट्यावर, बंद पडलेल्या जिनिंगच्या भिंतीला टेकून जी माणसं झोपतात, त्यांना ते नाही. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या पायाशी एक कुत्रं असतं. कुणाकडे दोन शेळ्या, कुणाकडे गाढव, कुणाच्या डालग्यात कोंबड्या. हे पत्र त्या माणसांबद्दल आणि त्या जनावरांबद्दल आहे, आणि दोघांना वेगळं काढता येत नाही, एवढंच मला सांगायचं आहे. बेघराला आसरा देताना त्याचं जनावर दाराबाहेर ठेवायची अट घातली, तर तो येत नाही. मग आपण "आम्ही तर बोलावलं होतं" म्हणायला मोकळे होतो.

मी कोण, तेही सांगतो. जिल्हा परिषदेच्या श्रेणी दोनच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी झाली, आता निवृत्त आहे. घटसर्प, फऱ्या, आंत्रविषार, पीपीआर यांच्या लसी टोचत तालुके पालथे घातले. माणसांच्या डॉक्टरला जी माणसं कधी दिसत नाहीत, ती आम्हाला दिसतात. स्वतःचा ताप अंगावर काढणारा माणूस शेळीचं पोट फुगलं की चार कोस चालत येतो. पालावरची बाई स्वतःच्या हाताची जखम पदराखाली लपवते आणि कुत्र्याच्या कानातले किडे काढून द्या म्हणून तासभर बसून राहते. त्यामुळे ही माणसं कशी जगतात, याची मला थोडी ओळख आहे, एवढा दावा मी करतो. त्यापुढे नाही.

आधी हिशेब. २०११च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभरच्या बेघरांची मोजणी झाली. संख्या निघाली सुमारे १७ लाख ७० हजार. बेघर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचा फूटपाथ येतो. पण त्यातले ८ लाखांवर लोक ग्रामीण भागातले होते. म्हणजे जवळजवळ निम्मे आपल्यासारख्या गावांतले. शहरातल्या बेघरांसाठी राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात निवाऱ्याची तरतूद झाली, एक लाख वस्तीमागे निदान शंभर माणसांची सोय असा तिचा मापदंड होता. त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचे आदेशही आहेत. आपल्या गावांना ही योजना लागू नव्हती. खेड्यात बेघर नसतातच, असं बहुधा गृहीत धरलं असावं. खेड्यात सगळ्यांना सगळे ओळखतात, कुणीतरी ओसरी देतंच, असा एक गोड समज आहे. तुम्ही सरपंच आहात, तुम्हाला ठाऊक आहे की ओसऱ्या गेल्या आणि त्यांच्या जागी लोखंडी गेटं आली.

आता ही माणसं कोण? एक वर्ग पिढ्यान् पिढ्या फिरणाऱ्यांचा. नाथजोगी, गोपाळ, नंदीवाले, बहुरूपी, फासेपारधी, वडार, कैकाडी. दुसरा वर्ग कामामागे येणाऱ्यांचा : वीटभट्टीवर, कापूस वेचायला, मेळघाटातून हरभरा सोंगायला. पाल ठोकतात, हंगाम संपला की उठतात. तिसरा वर्ग बोलायला अवघड आहे, कारण तो आपल्याच घरांतून निघालेला आहे. शेत मुलांच्या नावावर केल्यावर नकोसा झालेला म्हातारा, नवरा गेल्यावर सासरनं बाहेर काढलेली बाई, डोक्यावर परिणाम झालेला कुणाचा तरी भाऊ, जो आर्णीत बसमध्ये बसतो आणि पांढरकवड्याला उतरतो, आणि मग तिथलाच होतो. या तिसऱ्या वर्गाकडे पाल नसतं, जातपंचायत नसते, टोळी नसते. बहुतेकदा फक्त कुत्रं असतं. तेही त्यानं पाळलेलं नसतं. कुत्र्यानं त्याला पाळलेलं असतं.

तालुक्याच्या एका बसस्थानकावर असे एक बाबा होते. नाव मी लिहीत नाही. अंगावर कुणीतरी दिलेला पोलीस भरतीच्या पोरांचा जुना ट्रॅकसूट, सोबत तपकिरी रंगाचा, एक कान फाटलेला कुत्रा. त्याला ते शेरू म्हणत, तसे विदर्भातले निम्मे कुत्रे शेरूच. एका हिवाळ्यात गावातल्या चांगल्या पोरांनी वर्गणी करून एका मंगल कार्यालयात रात्रीची सोय केली. सतरंज्या, ब्लँकेट, गरम खिचडी. पोरं बाबांना न्यायला आली. व्यवस्थापकाची अट एकच : कुत्रं आत नको, उद्या लग्न आहे. बाबा म्हणाले, "थो बाहीर अन् मी अंदर, मले झोप येईन काय बापा? तुम्ही जा, तुमची खिचडी थंडी होऊन रायली." पोरं चिडली. म्हातारा माजला आहे, याला मदत नकोच आहे, असं बोलून गेली. त्यांचा राग मी समजू शकतो, वर्गणी त्यांनीच काढली होती. पण बाबांचा हिशेबही समजून घ्या. मंगल कार्यालय चार रात्रींचं होतं. पाचव्या रात्री परत फलाटावरच यायचं होतं, आणि मधल्या चार रात्रींत कुत्रं दुसरीकडे गेलं, कुणी दगड मारून हाकललं, गाडीखाली आलं, तर पुढचे सगळे हिवाळे एकट्यानं काढायचे. चार रात्रींच्या ब्लँकेटसाठी हा सौदा कुणी शहाणा माणूस करणार नाही.

कुत्रं त्यांच्यासाठी काय करतं, हे ज्याला रात्री कडी लावता येते त्याला लवकर कळत नाही. उघड्यावर झोपलेल्या माणसाच्या उशाखालची वीस रुपयांची नोटही चोरीला जाते. चपला जातात. बाई असेल तर त्याहून वाईट गोष्टी होतात, आणि त्यांची तक्रार कुणी लिहून घेत नाही. जमिनीवर झोपणाऱ्याला मण्यारीची भीती असते. ती रात्रीच फिरते, आणि दंश इतका बारीक असतो की झोपलेल्याला कित्येकदा कळतही नाही. जंगलाला लागून असलेल्या गावांत बिबट्या आहे. कुत्रं या सगळ्यांना थांबवेल असं मी म्हणत नाही, बिबट्या तर आधी त्यालाच उचलतो. पण ते भुंकतं. कडी, कुलूप, शेजारी आणि पोलीस पाटील, या चारही गोष्टी ज्याच्याकडे नाहीत त्याच्याकडे तेवढं भुंकणं आहे. आणि थंडीत त्याचं अंग गरम असतं, हे सांगायला पशुवैद्यकीय पदविका लागत नाही.

शेळीचं गणित वेगळं, पण निकाल तोच. बेघर बाईची शेळी म्हणजे तिची बचत. बोकड विकला की दवाखाना, पोरीची फी किंवा कर्जाचा हप्ता निघतो. ती शेळी रात्रभर बाहेर बांधून तुम्ही दिलेल्या खोलीत निजायला ती जाईल का? तुम्ही तुमची मोटारसायकल अनोळखी गावात किल्ली लावून सोडून झोपाल का?

२०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात गारपीट झाली, ती तुमच्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. तेव्हा मी नोकरीत होतो आणि मेलेल्या जनावरांचे पंचनामे करत होतो. एका गावाबाहेर पालं होती. गावानं चांगुलपणा केला, शाळेचा व्हरांडा उघडून दिला. बायका-लेकरं आत आली. पुरुष आले नाहीत, कारण शेळ्या शाळेत नको असं ठरलं. डोक्यावर भगुणी आणि गोणपाट धरून ते शेळ्यांजवळ उभे राहिले. डोकी फुटली, शेळ्याही मेल्या. दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन गेलो, तर फॉर्मात जनावराच्या मालकाचा पत्ता लागतो. पाल हा पत्ता होत नाही. नैसर्गिक आपत्तीच्या मदतीच्या यादीत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, बैल आहेत, उंट, घोडा, गाढव आहेत, कोंबड्याही आहेत. कुत्रं नाही. कुत्र्याचे पैसे द्या असं माझं म्हणणं नाही. सरकारच्या कागदाला कोणती जनावरं दिसतात आणि कोणती दिसत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला, गोसीखुर्दचे दरवाजे उघडले, भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावं पाण्यात गेली. पुरात घर सोडायला नकार देणारा शेतकरी बहुतेकदा गोठ्याकडे बोट दाखवतो, हे प्रत्येक तलाठ्याला माहीत आहे. हा आपल्याच लोकांचा हट्ट आहे असंही समजू नका. अमेरिकेत २००५ साली कॅटरिना वादळ आलं तेव्हा कित्येक लोकांनी पाळीव जनावर सोडून जावं लागतं म्हणून घर सोडलं नाही, आणि जीव धोक्यात घातला. पुढच्याच वर्षी, २००६मध्ये, तिथं कायदा झाला की आपत्तीचं नियोजन करताना माणसांसोबत त्यांच्या पाळीव जनावरांचाही विचार झाला पाहिजे. तिकडच्या काही शहरांतल्या बेघर निवाऱ्यांत आता कुत्र्यासाठी पिंजरा आणि पाण्याचं भांडं असतं. त्यांच्याकडे पैसा आहे, मान्य. पण पिंजऱ्याला पैसा लागतो. गावातल्या जुन्या कोंडवाड्याला लागत नाही.

आणि इथेच मला मुद्द्यावर यायचं आहे. तुमच्यातल्या बहुतेक गावांत कोंडवाडा आहे. होता. दगडी भिंत, लोखंडी फाटक, आत बेशरमाची झुडपं आणि गाजरगवत, एखादा तुटलेला हातपंप. मोकाट गुरं आता कोंडत नाही कुणी. गुरंच उरली नाहीत, आणि कोंडली तर मालक सरपंचाच्या दारात भांडायला येतो. या कोंडवाड्याचा इतिहास माहीत आहे? इंग्रजांनी १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला, त्यातून गावोगावचे कोंडवाडे उभे राहिले. त्याच १८७१ साली त्यांनी दुसरा कायदा केला, गुन्हेगार जमातींचा. आधी उत्तरेत आणि मग देशभर, फिरणाऱ्या माणसांच्या अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, हजेरी लावली, तारेच्या कुंपणात घातल्या. एकाच वर्षाच्या दोन कायद्यांतून मोकाट गुराला कोंडवाडा मिळाला आणि पुढे मोकळ्या माणसाला सेटलमेंट, म्हणजे कुंपणातली वसाहत. माणसांचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला गेला. नजर गेली नाही. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठार मारलं, ते ग्रामपंचायतीच्याच खोलीत कोंडून. सरपंच मंडळींनी ही एक गोष्ट तरी विसरू नये.

मला वाटतं, तो पडीक कोंडवाडा साफ करून या माणसांच्या शेळ्या, गाढवं, कोंबड्यांच्या रात्रीच्या मुक्कामाला द्यावा, आणि त्याला लागून किंवा जवळ जे समाजमंदिर, सभागृह, जुनी चावडी असेल ती माणसांना द्यावी. फाटकाची किल्ली जनावराच्या मालकाकडे राहील, शिपायाकडे नाही. कुत्रं मात्र कोंडवाड्यात नको. ते त्याच्या माणसाजवळ, ओट्यावर किंवा खोलीच्या दाराशी, साखळीनं बांधून. एवढी एक अट ठेवा आणि ती पाळायला लावा. जिथं कोंडवाडा उरला नाही, त्याच्या जागेवर दुकानगाळे झाले, तिथं शाळेच्या मागची पडवी चालेल, चार बांबू आणि ताडपत्री चालेल. उन्हाळ्यात, जेव्हा आपल्याकडे पारा ४५च्या पुढं जातो, तेव्हा पाणपोईच्या माठाशेजारी खाली एक सिमेंटचं टाकंही ठेवा. माणसाला रांजणातून पाणी पाजायचं आणि त्याच्या कुत्र्याला हाड म्हणायचं, ही पाणपोई अर्धीच आहे.

तुमच्या मनातले आक्षेप मला माहीत आहेत, कारण नोकरीभर तेच ऐकले. पहिला, कुत्रं चावेल. पिसाळेल. बरोबर आहे, रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस वाचत नाही, यात गंमत करण्यासारखं काही नाही. पण शास्त्र असं सांगतं की एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना नियमित लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते. आता मला सांगा, गावात लसीकरण करायला गेलं की अडचण काय येते? अडचण लसीची नसते, कुत्रं धरणाऱ्या माणसाची असते. रस्त्यावरचं बिनमालकाचं कुत्रं धरायला जाळी, दोन माणसं आणि अर्धा दिवस जातो. बेघर बाबाचं कुत्रं त्याच्या मांडीवर बसून सुई घेतं. पालावरच्या कुत्र्याला लस देणं हे सगळ्यात सोपं काम आहे, आणि आपण नेमक्या त्याच कुत्र्याला काठी दाखवून गावाबाहेर हाकलतो, म्हणजे लस न घेता ते पुढच्या गावात जातं. पिसाळण्याची भीती ज्याला खरोखर आहे त्यानं या कुत्र्यांना आत घ्यावं.

दुसरा आक्षेप घाणीचा. शेळीच्या लेंड्या झाडूनं जातात. समाजमंदिरात लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जे पडलेलं असतं ते मी पाहिलं आहे, त्यावर अधिक बोलत नाही.

तिसरा आक्षेप सोवळ्याचा, तो कुणी उघड बोलत नाही. देवळाच्या सभामंडपात कुत्रं कसं? त्यांना मी गाडगेबाबांची आठवण देतो. शेंडगावात जन्मलेला आपल्या वऱ्हाडाचा माणूस. १९५६ साली वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर, धावत्या गाडीत गेला. आयुष्यभर त्यानं धर्मशाळा बांधल्या आणि मूर्तिजापूरला गोरक्षणही उभं केलं. त्याच्या नावानं जी दशसूत्री तुमच्यातल्या कितीतरी ग्रामपंचायतींच्या भिंतीवर रंगवलेली आहे, ती नीट वाचा. भुकेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, त्यानंतर बेघरांना आसरा, आणि पुढे पशुपक्षी, मुक्या प्राण्यांना अभय. एकाच यादीत, एकाच भिंतीवर, एकाच रंगात. आपण एक ओळ पाळण्यासाठी दुसरी मोडायला लावतो आणि २० डिसेंबरला पुण्यतिथीला झाडू घेऊन फोटो काढतो.

चौथा आक्षेप खरा आहे : आज दोघे आले, उद्या वीस येतील, गाव धर्मशाळा होईल. यावर माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. येतील. हंगामात जास्त येतील. पण ते तसेही येतातच. वीटभट्टी आपली आहे, कापूस आपला आहे, बोलावतो आपणच. मुक्कामाला मर्यादा घाला, रजिस्टर ठेवा, पोलीस पाटलाला कळवा. नोंद झाली की त्यांनाही संरक्षण मिळतं, अफवा उठली तर दाखवायला कागद असतो.

आता एक ताजा धोका सांगतो, तो तालुक्याच्या गावच्या मंडळींनी जास्त ऐकावा. ७ नोव्हेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं इथली भटकी कुत्री पकडून, नसबंदी आणि लस करून निवारागृहात ठेवायची, त्याच जागी परत सोडायची नाहीत. एरवी २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. या ठिकाणांपुरतं ते थांबलं. लेकरांना कुत्री चावतात, दवाखान्यात रुग्णाजवळ कुत्री फिरतात, म्हणून आदेश आला. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण बसस्थानकावर झोपणाऱ्या माणसाचं कुत्रं भटकं की पाळीव? पकडणाऱ्या गाडीतल्या पोरांना कसं कळणार? ज्याच्याकडे स्वतःच्या नावाचा कागद नाही तो कुत्र्याच्या नावाचा कागद कुठून दाखवणार? शेळीच्या कानात हल्ली बारा अंकी पिवळा बिल्ला असतो, १ जून २०२४पासून बिल्ल्याशिवाय तिची खरेदी-विक्रीही करता येत नाही. गंमत पाहा, आधारचा क्रमांकही बारा अंकीच. मला असे लोक भेटले आहेत ज्यांच्या शेळीला क्रमांक होता आणि त्यांना नव्हता. कुत्र्याला तर दोन्हीकडून काही नाही.

यावर उपाय गावातल्या गावात होतो. ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचं एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड : माणसाचं नाव, कुत्र्याचा रंग आणि खूण, लस कधी दिली, सही. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा, त्यावर तोच क्रमांक. कायद्याच्या नजरेत या कार्डाला किती वजन असेल ते वकील सांगतील, पण पकडणाऱ्या गाडीला थांबवून "हे माझं आहे, हे पाहा" म्हणायला तेवढं पुरतं. लसीकरणाच्या शिबिराला पालावरची कुत्री आधी बोलवा. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाची वाट पाहू नका, तोवर हे लोक तीन जिल्हे पुढं गेलेले असतात.

कुणी म्हणेल, निवारा कशाला, त्यांना घरकुलच द्या. द्या ना. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत भटक्या-विमुक्त कुटुंबाला पाच गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचं घर अशी तरतूद आहे. ज्यानं पाच गुंठे लिहिले त्याच्या डोक्यात शेळ्या होत्या, असं मला वाटतं, कारण नुसत्या माणसांना एवढी जागा लागत नाही. प्रधानमंत्री आवासमध्ये जागा स्वतःची लागते, ती नसेल तर खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे. शेळीच्या शेडसाठी रोजगार हमीतून पैसे मिळतात, पण तेही जागा असणाऱ्याला. हे सगळे प्रस्ताव तयार करा, तुमच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला ते जमतात. फक्त तो प्रस्ताव मंजूर होईपर्यंतचे हिवाळे मी मोजतो आहे. त्या हिवाळ्यांसाठी किल्ली लागते, प्रस्ताव नाही.

तेव्हा २६ जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंत थांबू नका. पुढच्या मासिक सभेत ठराव घ्या. भाषा मीच लिहून देतो, तुम्हाला हवी तशी फिरवा : "गावात मुक्कामी येणाऱ्या बेघर व भटक्या व्यक्तींना समाजमंदिर / सभागृह रात्री सात ते सकाळी आठपर्यंत विनामूल्य खुले राहील. सोबतच्या शेळ्या, मेंढ्या, गाढवे, कोंबड्या कोंडवाड्याच्या जागेत ठेवता येतील, तेथे पाण्याची व दिव्याची सोय ग्रामपंचायत करील. सोबतचे कुत्रे मालकाजवळ बांधून ठेवता येईल. केवळ जनावर सोबत आहे या कारणाने कोणासही निवारा नाकारला जाणार नाही." शेवटचं वाक्य काढू नका. बाकीचं सगळं बदललं तरी चालेल.

समाजमंदिराची किल्ली कुणाकडे राहील, ते नावासहित ठरावात लिहा, नाहीतर ती रात्री दहा वाजता कुणालाच सापडत नाही. ठरावाची एक प्रत पंचायत समितीत पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या टेबलावर द्या आणि त्याच खेपेला लसीकरण शिबिराची तारीख मागून घ्या. कुत्री मोजायला, कार्ड भरायला मी येईन. जेवणाची सोय करू नका, चहा चालेल.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
यवतमाळ जिल्हा